पिल्लाची लस : डोस मोजू नका, वय मोजा

आमच्या कुत्र्याच्या पिल्लाला सहाव्या आणि नवव्या आठवड्यात लस दिली होती. फाईलवर दोन स्टिकर लागले आणि आम्ही निर्धास्त झालो. साडेतीन महिन्यांचं असताना त्याला पार्व्हो हा आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार झाला. उलट्या, रक्ताचे जुलाब, सलाईन. चौथ्या दिवशी ते गेलं.

आईच्या पहिल्या चिकातून पिल्लाला प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारे घटक, मिळतात. ती रोगापासून वाचवतात, पण लसीलाही निकामी करतात. कुणाची आठव्या आठवड्यात ओसरतात, कुणाची चौदाव्या आठवड्यापर्यंत टिकतात. बाहेरून काही कळत नाही. म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यायचे आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायचा. आमचं नेमकं इथेच चुकलं.

मांजरीच्या पिल्लांनाही हाच नियम. ‘ती घराबाहेर जातच नाही, तिला कशाला लस?’ असं पुष्कळ जण म्हणतात. पण पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू आपल्या चपलांना चिकटून घरात येतो.

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार) याच्या लसीचे दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने लागतात. पहिला देऊन दुसरा विसरलात, तर पावसाळ्यात संरक्षणाचा भरवसा धरू नका. रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांनंतर देतात. आणि हे पक्कं लक्षात ठेवा : लस घेतलेलं पिल्लू चावलं, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुऊन दवाखाना गाठायचाच.

पैसे वाचवायला लस बाहेरून आणून घरी टोचू नका. ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकते, पिशवीतून उन्हातान्हात आणली तर तिचा भरवसा नाही. ताप किंवा जुलाब असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, ते तारीख पुढे ढकलतील. लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. दिवसभर मलूल राहणं चालतं. तोंड सुजलं, वारंवार उलट्या झाल्या किंवा धाप लागली तर लगेच परत न्या.

पार्व्होचा विषाणू जमिनीत कित्येक महिने जिवंत राहतो आणि साध्या फिनाईलला दाद देत नाही. आम्ही पाण्यात ब्लीच मिसळून फरशी, भांडी, पिंजरा सगळं धुतलं, गादी जाळून टाकली. दुसरं पिल्लू मात्र त्याचा सोळाव्या आठवड्याचा डोस होऊन दोन आठवडे उलटल्यावरच घरात आणलं.