नऊ जादा पेट्या

सॉफ्टवेअरची इंटर्नशिप हवी असेल तर रेझ्युमेवरचं 'टू-डू लिस्ट ॲप' आधी खोडा. माझ्याही रेझ्युमेवर ते होतं, शिवाय यूट्यूब बघून जसंच्या तसं उतरवलेली शॉपिंगची वेबसाइट होती. चाळीस ठिकाणी पाठवला. फोन एकच आला, तोही दोन हजार भरा म्हणून. मी भरलेही! पैसे मागतात ती इंटर्नशिप नव्हे, क्लास. आणि तोही भिकार.

त्यापेक्षा घरातली वही उघडा. पावसजवळ आमची कलमं आहेत. आंब्याच्या दिवसांत बाबा वहीत लिहितात: किती डझनी पेटी, कुठल्या गाडीने वाशीला गेली. दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली की भाडं, हमाली, दलाली धरून रात्री पडवीत ताळा. तिसऱ्या वर्षाला असताना मी याचंच ॲप केलं. मागे फ्लास्क (पायथनमधली वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस डेटाबेस, पुढे साधं वेबपेज. तुम्ही मिरकरवाड्यावरच्या मासळीचा हिशेब घ्या, आत्याच्या होमस्टेचं बुकिंग घ्या, बचत गटाचे हप्ते घ्या. फक्त तुमच्याशिवाय आणखी कुणीतरी ते रोज वापरलं पाहिजे. चुका त्यालाच सापडतात.

आम्हालाही सापडली. बागेत रेंज नसते, म्हणून नोंदी आधी फोनमध्ये साठायच्या आणि रस्त्यावर आलं की सर्व्हरला जायच्या. एके दिवशी ॲपने 71 पेट्या दाखवल्या. गाडीत चढल्या होत्या 62.

"नऊ पेट्या कुठनं आणल्यास गो?" बाबांनी विचारलं.

दोन रात्री शोधलं. नोंद सर्व्हरला पोचत होती, पण पोच परत येईपर्यंत रेंज जायची. फोनला वाटायचं गेलीच नाही, की तो पुन्हा पाठवायचा. मग प्रत्येक नोंदीला फोनमध्येच यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुठल्या नोंदीशी न जुळणारा क्रमांक, दिला आणि डेटाबेसमध्ये तो कॉलम युनिक केला. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर नुसती पोच देतो, नवी ओळ घालत नाही.

पुढे इंटर्नशिपच्या मुलाखतीच्या पाऊण तासातली पंचवीस मिनिटं या नऊ पेट्यांवर गेली. "दोन फोनवर एकच पेटी वेगवेगळी बदलली तर?" असंही विचारलं. मला येत नव्हतं. तसं सांगितलं आणि मोठ्याने विचार करत राहिले. ते चालतं. तेव्हा तुमची अशी चूक, तिचं कारण आणि इलाज गिटहबच्या (कोड ठेवायची साइट) रीडमीमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या पानावर, लिहून ठेवा, आणि रेझ्युमेत ती लिंक अगदी वर द्या. रेझ्युमे एकच पान.

डीएसए, म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम, मात्र टाळता येत नाही. ॲरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, ट्री, ग्राफ. लीटकोड या सरावाच्या साइटवर रोज दोन प्रश्न. आधी दोन लूपचं ओबडधोबड उत्तर सांगा, एन गोष्टींसाठी त्याला एन वर्ग पावलं का लागतात ते सांगा, मग हॅशमॅपने एका फेरीत करा. हे तोंडाने बोलायची सवय हवी. मी आजीला सांगायचे. ती सुपारी कातरत "बरं" म्हणायची.

मोठ्या कंपन्यांची पुढच्या वर्षीची भरती गणपतीच्या आसपासच सुरू होते, मे महिन्यात जागे होऊन उपयोग नाही. छोट्या कंपन्या वर्षभर घेतात. त्यांना पाच ओळींची मेल लिहा: कोण, काय बनवलं, लिंक, कधीपासून मोकळे. "रिस्पेक्टेड सर" आणि मोठ्ठी प्रस्तावना नको.

ऑनलाइन मुलाखत पावसाळ्यात असेल तर घरच्या वायफायवर विसंबू नका, लाइट जाणारच. मी आदल्या दिवशी एसटीने रत्नागिरीला मावशीकडे गेले, दोन कंपन्यांची सिमं घेऊन. लाइट तिथेही गेली. हॉटस्पॉटवर दोन मिनिटांत परत आले; तसं होऊ शकतं हे मेलमध्ये आधीच कळवलं होतं.

आणि कॉलेजच्या एनओसीचा (हरकत नसल्याच्या पत्राचा) अर्ज ऑफर येण्याआधीच टाईप करून ठेवा. माझी ऑफर हरतालिकेच्या आदल्या दिवशी आली, आणि सही करणारे सर दुपारच्या गाडीने गावाला निघाले होते. स्टँडवर गाठलं त्यांना.