एकाला गहू वर्ज्य, तरी स्वयंपाक एकच

घरातल्या एखाद्या मुलाला सीलिअ‍ॅक आजाराचे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याच्या आजाराचे, निदान झाले की पहिली प्रतिक्रिया बहुधा त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक मांडण्याची असते. आठ-दहा दिवसांत करणारी व्यक्ती थकते आणि मुलाला आपले ताट निराळे असल्याची बोच लागते. त्याऐवजी आमटी, भाजी, कोशिंबीर, भात आणि भाकरी सर्वांसाठी एकच ठेवावी आणि गव्हाची पोळी तेवढी शेवटी, स्वतंत्र करावी.

मात्र केवळ संशयावरून गहू बंद करू नये. रक्ततपासणी आणि गरज असल्यास आतड्याची तपासणी गहू खाण्यात असतानाच करावी लागते, अन्यथा आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. निदान पक्के झाल्यावर पथ्य आयुष्यभराचे असते, आणि त्यात सणासुदीपुरती सवलत नसते.

ग्लुटेन हे प्रथिन गहू, जव आणि राय या धान्यांत असते. म्हणजे रवा, मैदा, शेवया आणि दलियाही गेले. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, साबुदाणा आणि सर्व डाळी चालतात, त्यामुळे मराठी स्वयंपाकघराला हे पथ्य वाटते तितके परके नाही. खरी अडचण लपलेल्या गव्हाची आहे. मेतकुटात गहू असतो, थालिपिठाच्या भाजणीत अनेक घरी तो घालतात, आणि बाजारच्या बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. आमच्या घरी पोळी बंद करूनही मुलीची पोटदुखी थांबेना, तेव्हा फोडणीच्या डब्यातल्या हिंगाच्या डबीवरचे बारीक अक्षर वाचायचे राहून गेले होते हे ध्यानात आले. मैद्याऐवजी तांदळाचे पीठ घातलेला हिंग मिळतो, तो घ्यावा. भाजणीतून गहू वगळल्याने काही बिघडत नाही, कारण उडदाने पुरेसा चिकटपणा येतो.

दुसरा धोका गिरणीचा. ग्लुटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही, तेव्हा गव्हाच्या मागोमाग त्याच जात्यात दळलेली ज्वारी या रुग्णाच्या उपयोगाची नाही. गिरणीवाल्याने आपुलकीने जाते झाडून दिले, तरी फटींत पीठ उरतेच. धान्य अख्खे आणून नीट निवडावे, धुऊन वाळवावे आणि ज्यात गहू कधीच पडणार नाही अशा घरघंटीवर दळावे. उपवासाची सुटी पिठेही याच कारणासाठी बाहेरून दळलेली आणू नयेत.

ज्वारीचे पीठ थोडेच दळावे, कारण जुने झाले की ते विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. हात बसेपर्यंत उकड काढणे सोपे: वाटीभर पिठाला पाऊण वाटी पाणी मिठासह उकळून त्यात पीठ घालावे, झाकून पाच मिनिटे ठेवावे आणि सोसवेल इतके गरम असतानाच तळव्याच्या टाचेने, पाण्याचा हात लावत, भेगा नाहीशा होईपर्यंत मळावे. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवावे आणि ते पुरते सुकण्याआधी भाकरी उलटावी. उशीर झाल्यास ती फुगत नाही. उकडीची भाकरी मऊ राहत असल्याने शाळेच्या डब्यालाही चालते.

गव्हाची पोळी सर्वांत शेवटी करावी, आणि तिची परात, पोळपाट, लाटणे, तवा, चिमटा यांना ओट्याचा एक कोपरा नेमून द्यावा. गव्हाचे पीठ हवेत उडते, म्हणून तोपर्यंत भाजी-आमटी झाकलेली असावी. पुऱ्या तळलेल्या तेलात पापड तळू नयेत. पोळीचा हात लोणच्याच्या बरणीत जाऊ नये, हा नियम पाळायला सर्वांत अवघड. आम्ही शेवटी मुलीची बरणीच वेगळी केली.

सणांना उकडीचे मोदक, अनारसे, नारळीभात आणि बेसनाचे लाडू आहेतच. होळीला पुरणात जायफळ-वेलदोडा सगळ्यांचाच, फक्त मुलीसाठी ते पुरण तांदळाच्या उकडीत भरून वाफवावे. आमच्याकडे आता पोळी खाणारेही त्यातले दोन आधी मागून घेतात. लग्नकार्यात मात्र वरणातला हिंग कोणता हे वाढप्याला ठाऊक नसते, तेव्हा घरचा डबा न्यावा आणि यजमानांना आदल्या दिवशीच तसे कळवावे.