ग्रीक बाणाग्रांचा काळ कसा ठरवावा

प्राचीन ग्रीक बाणाग्र हाती आले, की बहुतेक संग्राहक प्रथम त्याचा हिरवा रंग पाहतात. पण रंगावरून काळ ठरत नाही. पाहणीची सुरुवात पात्याच्या मागच्या टोकापासून करावी, कारण ते काडीला कसे बसवले जाई यावरूनच त्याचे घराणे कळते. काहींना नळी असते आणि काडी तिच्यात बसते, तर काहींना शेपटी असते आणि ती काडीत खुपसली जाते.

नळीची कांस्य बाणाग्रे मुळात काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील सिथियन धनुर्धरांची. दोन पाती आणि नळीच्या कडेला एक वाकडा काटा असेल, तर साधारणपणे इ.स.पू. 7वे-6वे शतक धरावे. तीन पात्यांचा प्रकार इ.स.पू. 5व्या शतकात सर्वत्र दिसतो आणि पुढेही टिकतो, म्हणून केवळ तीन पाती पाहून नेमके शतक सांगू नये. नळी लांब आणि बाहेर आलेली असणे हे सहसा जुनेपणाचे, तर ती पात्यांच्या पोटातच लपलेली असणे हे नंतरच्या काळाचे लक्षण होय.

माझ्याकडे असेच एक तीन पात्यांचे बाणाग्र आले, तेव्हा पाकिटावर ‘थर्मोपिली, इ.स.पू. 480’ असे, म्हणजे ग्रीक आणि इराणी सैन्यांच्या प्रसिद्ध लढाईचे नाव, लिहिलेले होते. थर्मोपिलीच्या टेकडीवर 1939 मध्ये पुरातत्त्वज्ञ मारिनातोस यांना अशी बाणाग्रे खरोखरच सापडली, परंतु ती मुख्यतः इराणी सैन्याची मानली जातात, आणि याच घडणीची बाणाग्रे इतरत्रही विपुल मिळतात. उत्खननाची नोंद सोबत नसेल, तर लढाईचे नाव ही विक्रेत्याची भर समजावी. मी माझ्या नोंदवहीत ‘पूर्व भूमध्य प्रदेश, इ.स.पू. 6वे ते 4थे शतक’ एवढेच लिहिले.

शेपटीच्या प्रकारात दोन मागे वळलेले काटे असलेली मोठी बाणाग्रे येतात. मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने इ.स.पू. 348 मध्ये ऑलिंथस हे ग्रीक शहर उद्ध्वस्त केले. तेथे त्याच्या नावाची अक्षरे असलेली बाणाग्रे मिळाली, म्हणून त्यांचा काळ जवळजवळ वर्षापर्यंत ठरतो. बाजारात अशी अक्षरे दिसली, तर ती भिंगाखाली तपासावीत: अक्षरांवरचा गंजाचा थर उरलेल्या पात्यावरच्या थराशी सलग हवा.

खऱ्या कांस्याचा थर धातूतूनच उगवलेला असतो. हिरव्याखाली बहुधा तांबूस पदर असतो आणि तो नखाने निघत नाही. रंग किंवा रसायन लावून आणलेला हिरवेपणा पुष्कळदा खोलगट भागात साचतो आणि ओल्या कापसाला लागतो. अस्सल थर डोळ्यांत भरण्यासाठी वडोदरेकरांनी सयाजीबागेतील संग्रहालयात जाऊन अकोट्याची जैन कांस्ये निवांत पाहावीत. त्यांचा देश-काळ अगदी वेगळा, पण धातूची कातडी ओळखायला शिकवणारे त्यांच्याइतके चांगले नमुने आपल्या गावात दुसरे नाहीत. नळीच्या तोंडाशी माती किंवा लाकडाचा अंश दिसला, तर तो टाचणीने उकरू नये. लाकूड पुरेसे असल्यास त्यावरून स्वतंत्रपणे काळ काढता येतो.

आपल्याकडचा पावसाळा या वस्तूंचा वैरी आहे. दांडिया बाजारातल्या माझ्या जुन्या घरात श्रावणात भिंतींना ओल येते, आणि एका वर्षी बाणाग्राच्या काट्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली. क्षारांमुळे होणारा हा रोग ओलाव्यात आतपर्यंत पोखरत जातो. असे बाणाग्र ताबडतोब वेगळे काढावे, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावे आणि संवर्धकाला दाखवावे. चिंच किंवा लिंबाने घासल्यास काळ सांगणारा थरच निघून जातो.

विकत घेण्यापूर्वी मालकीची जुनी कागदपत्रे मागावीत. ग्रीसमध्ये 2002 च्या कायद्याने प्राचीन वस्तूंवर कडक नियंत्रण आहे, आणि आपल्या 1972 च्या कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे एकदा घरात आलेले बाणाग्र पसंत पडले नाही म्हणून परदेशी विक्रेत्याकडे सहज परत करता येईल, असे गृहीत धरू नये.