सोसायटीत १ मे करायचाय? शाल-नारळ आणायच्या आधी हे वाचा

दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो, १ मे ला सकाळी ८ वाजता झेंडावंदन, नंतर चहा-बटाटेवडा, सर्वांनी उपस्थित राहावे. मग कोणाला तरी आठवतं की अरे कामगार दिन पण आहे, वॉचमन आणि हाऊसकीपिंगवाल्यांचा सत्कार करूया. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी असंच झालं. पाच शाली, पाच नारळ, आणि ज्या वॉचमनचा सत्कार होता त्यानेच सकाळी सहाला गच्चीवरून खुर्च्या खाली आणल्या, त्यानेच सतरंजी घातली, नाव पुकारलं तेव्हा तो गेटवर एका टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत होता. धावत आला, शाल घेतली, फोटो झाला, परत गेटवर. त्यात नाव सुद्धा चुकीचं पुकारलं होतं. मी तेव्हा कमिटीत होतो म्हणजे ही माझीच चूक, दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. त्यानंतर दोन वेळा जरा वेगळं करून बघितलं, त्यातून जे शिकलो ते लिहितोय.

सगळ्यात आधी नावं. एक वही घ्या आणि सोसायटीत रोज कोण कोण काम करायला येतं ते लिहून काढा. वॉचमन, झाडूवाल्या मावशी, कचरा नेणारा, घरकामाच्या बायका, लिफ्टवाला, प्लंबर, पेपर टाकणारा पोरगा, गाड्या धुणारा. नाव, आडनाव, गाव, किती वर्षं इथे. आमच्याकडे ७२ फ्लॅट आहेत आणि यादी ६० च्या वर गेली, कोणालाच अंदाज नव्हता. सहा वर्षं ज्यांना आपण नुसतं 'मावशी' म्हणत होतो त्यांचं नाव त्या दिवशी कळलं. हे काम पोरांना द्या, सुट्ट्या लागलेल्याच असतात, पण पोरांना नीट सांगा की काका-मावशी म्हणूनच बोलायचं आणि आधार कार्ड वगैरे मागत सुटायचं नाही, नाहीतर त्या बिचाऱ्यांना वाटतं कामावरून काढतायत की काय.

दुसरं, त्या दिवशी त्यांना पगारी सुट्टी. पूर्ण जमत नसेल तर निदान सकाळी ७ ते १२. मग गेटवर कोण बसणार? आपण. दोन-दोन तासाच्या पाळ्या लावा. मी सकाळी ६ ते ८ बसलो होतो, खुर्चीचा एक पाय तुटका, खाली वीट लावलेली, केबिनमधला पंखा भिंतीकडे तोंड करून फिरतो, आणि बाथरूमला जायचं तर मागच्या बाजूला पंप रूमच्या पलीकडे, म्हणजे तेवढा वेळ गेट उघडं. हे सगळं मी आठ वर्षं त्याच गेटमधून गाडी काढताना बघितलं नव्हतं. पुढच्या मीटिंगमध्ये खुर्ची आणि पंखा पाच मिनिटात पास झाला, बाथरूमवर मात्र तीन महिने चर्चा चालली. चालायचंच.

आता भाषण. करायचंच असेल तर सात मिनिटं, आणि व्हॉट्सअॅपवरून कॉपी केलेलं नको. आपल्याकडे मसाला कमी नाहीये. १ मे चं मूळ शिकागोचं, १८८६ चा आठ तासांच्या कामाचा लढा, भारतात पहिला मे दिन १९२३ ला मद्रासला सिंगारवेलू चेट्टियार यांनी केला, एवढं दोन वाक्यात उरका आणि लगेच नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे या. कारण रविवार. समोर बसलेल्या प्रत्येकाला रविवार प्रिय आहे पण तो आला कुठून हे शंभरात पाच जणांना माहीत असतं. लोखंडे ठाण्याचे, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, एका गिरणीत स्टोअरकीपर होते, नंतर दीनबंधू पेपर चालवला. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय, तर आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. सूर्यास्तापर्यंत काम ही तेव्हा सवलत होती, हे वाक्य माईकवर जरा थांबून म्हणा, लोक गप्प होतात. मग १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगारांची सभा झाली, तिथे दोन बाया सुद्धा बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

रेसकोर्सवरच्या त्या दोन बायांचा मुद्दा नुसता सांगू नका, वापरा. आमच्याकडे घरकाम करणाऱ्या एक ताई बोलल्या, फक्त तीन वाक्यं, की आम्हाला मालाची लिफ्ट वापरायला सांगता ती महिन्यातून आठ दिवस बंद असते आणि सहाव्या मजल्यावर चालत गेलं की पहिल्या घरचं काम उशिरा होतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. लिफ्टवर तसं लिहिलेली पाटी होती, ती त्याच संध्याकाळी निघाली, कोणी काढली ते अजून कळलं नाही. त्यांना आधी विचारा मात्र, जबरदस्तीने माईक हातात देऊ नका.

भाषणात महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन असे दोन वेगळे तुकडे पाडायची पण गरज नसते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रस्त्यावर उतरलेले बरेचसे गिरणी कामगारच होते, २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, आणि हुतात्मा चौकातलं शिल्प नीट बघितलंत तर त्यात एक कामगार आणि एक शेतकरी मशाल धरून उभे आहेत. आंबेडकरांचं घ्यायचं तर १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते तो काळ घ्या, तो फार कमी सांगितला जातो. मालक, कामगार आणि सरकार तिघांना एका टेबलावर बसवायची पद्धत त्या १९४२ पासून चालू झाली. बाबू गेनू तर शाळेतल्या पोरांनाही माहीत असतो, पण तो गिरणी कामगार होता हे सांगायचं राहून जातं. आणि कोणी म्हणालं की युनियनवाल्यांनी फक्त संप केले, देशासाठी काय केलं, (असा एक काका प्रत्येक सोसायटीत असतो) तर त्यांना १९६९ चा माथाडी कायदा सांगा. पाठीवर गोणी वाहणाऱ्या हमालाला मंडळ, प्रॉव्हिडंट फंड, बोनस मिळाला तो अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी हमालांना एकत्र केलं म्हणून. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत. आणि ७२ च्या दुष्काळात चाललेली रोजगार हमी, जिचा राज्यात १९७७ ला कायदा झाला आणि २००५ ला तीच कल्पना देशभर गेली. काका लगेच पटवून घेतात असं नाही, पण वडा खायला लागतात.

८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपाबद्दल जपून. १८ जानेवारी १९८२, पुढारी दत्ता सामंत, अडीच लाखाच्या आसपास कामगार, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आपल्या डोंबिवली-बदलापूरकडच्या प्रत्येक सोसायटीत त्यात होरपळलेलं एखादं तरी घर असतं. सामंत बरोबर की चूक यावर स्टेजवरून निकाल देऊ नका.

त्यापेक्षा त्या घरातल्या आजोबांकडे जा. माझ्या मते या सगळ्यातलं हेच खरं काम आहे, बाकी नाही जमलं तरी हे करा, कारण ८२ ला पंचविशीत असलेला माणूस आता सत्तरीच्या आसपास आहे. मोबाईलवर रेकॉर्ड करा, त्यांना विचारून. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, मोबाईल त्यांच्या जवळ ठेवा. आणि प्रश्न 'तुमच्या संघर्षाबद्दल सांगा' असा विचारलात तर मेलात, दोन मिनिटात भाषण संपतं. विचारायचं, कुठलं खातं, कुठली पाळी, हातात किती सांचे (म्हणजे माग), बदली कामगार होतात की कायम, खानावळ कोणाची, पगाराच्या दिवशी काय व्हायचं. आमच्या शेजारच्या विंगमधले एक आजोबा साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. ते इतकं मोठ्याने का बोलतात हे तेव्हा कळलं, सांच्यांच्या आवाजात तीस वर्षं गेली, खात्यात सगळे ओठ आणि हात बघून बोलायचे. धोट्याच्या (मागावर आडवा धागा नेतो तो) भोकातून धागा तोंडाने ओढून कसा घ्यायचे ते त्यांनी दाखवलं, हातात काहीच नव्हतं, चहाच्या कपाची बशी धरली होती, आणि ओठांनी बारीक 'सुक' असा आवाज केला. त्यांच्या सुनेने तो आवाज लग्नानंतर २२ वर्षांत पहिल्यांदा ऐकला. आजींना वेगळं बसवून विचारा, संपात घर कोणी चालवलं ते त्याच सांगतात, आणि आजोबा समोर असले की सांगत नाहीत.

वेळ असेल तर पोरांना घेऊन चक्कर मारा. करी रोडला उतरायचं, ना. म. जोशी मार्गाने लोअर परळपर्यंत चालत. जोशी कोण ते वाटेत सांगा, १९२० मध्ये मुंबईत आयटक ही देशव्यापी कामगार संघटना स्थापन झाली त्या पिढीतले पुढारी. फिनिक्स मॉलच्या आवारात जुन्या गिरणीची चिमणी अजून उभी आहे, पोरं तिथे हमखास जातात, वर मात्र बघत नाहीत. आजोबा बरोबर आले तर उत्तम, पण सकाळीच निघा, मे महिन्याचं ऊन आहे.

राहिली कागदपत्रं, जी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात उपयोगाची. दोन लॅपटॉप आणि एक प्रिंटर क्लब हाऊसमध्ये लावा. ज्यांचा पीएफ कापला जात नाही आणि वय १६ ते ५९ आहे त्यांची ई-श्रम, म्हणजे केंद्र सरकारच्या असंघटित कामगारांच्या यादीतली नोंदणी फुकट होते, आधार, मोबाईल नंबर आणि बँक खातं लागतं. घरकामगारांसाठी राज्याचा २००८ चा कायदा आणि कल्याण मंडळ आहे, वय १८ ते ६०, त्यात मालकाचा दाखला लागतो आणि तिथेच गाडी अडते कारण सही द्यायला लोक घाबरतात. सेक्रेटरीने आधी स्वतःच्या घरच्या ताईंना सही द्यावी, मग बाकीचे देतात. वॉचमन एजन्सीचे असतील तर पीएफ कापतात तो भरतात का ते त्यांच्याच मोबाईलवर पासबुक उघडून बघा. आमच्याकडे एकाचे सात महिने भरलेलेच नव्हते. एजन्सीला पत्र गेलं, आता दर महिन्याला पीएफ भरल्याच्या चलनाची कॉपी आल्याशिवाय बिल पास होत नाही.

आणि एक ठराव त्याच दिवशी करून टाका, सेप्टिक टँक आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही, मशीनच मागवायचं. माणसाकडून मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे, आणि गटारात मृत्यू झाला तर भरपाई ३० लाख असं सुप्रीम कोर्टाने २०२३ ला सांगितलंय. मशीनला पैसे जास्त लागतात हे खरंय, मेन्टेनन्समध्ये धरा.

शाल-नारळ द्यायचेच असतील तर द्या, नारळ कोणाला नको असतो. पण नाव आधी विचारून कागदावर नीट लिहून घ्या, फोटोची प्रिंट काढून हातात द्या, आणि खुर्च्या सहा वाजता आपल्या पोरांनी आणायच्या. परत गच्चीवर पण त्यांनीच न्यायच्या, तिथे सगळे गायब होतात, म्हणून बटाटेवडे खुर्च्या उचलून झाल्यावर वाटा.