वाळूमाशीपासून बचाव : उष्ण कटिबंधातील जंगलात जाणाऱ्यांसाठी

उष्ण कटिबंधातील जंगलात काही दिवस काढायचे ठरले की बहुतेक जण डासांचा विचार करतात, मलेरियाच्या गोळ्या घेतात आणि मच्छरदाणी बांधून घेतात. वाळूमाशी, म्हणजे सँडफ्लाय, सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि मच्छरदाणीत निर्धास्त झोपलेल्या माणसालाही ती चावून जाते. तिच्या चाव्यातून लेश्मानिया नावाचा एकपेशीय परजीवी त्वचेत शिरतो आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, तेथे न दुखणारा आणि न भरणारा व्रण तयार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे त्वचेच्या लेश्मानियासिसचे जगभरात दरवर्षी ६ ते १० लाख नवे रुग्ण असतात. (काळा आजार याच वंशातील परजीवींमुळे होतो, पण तो प्लीहा आणि यकृत यांना ग्रासतो, येथे विचार केवळ त्वचेच्या रोगाचा आहे.) २०१५ साली होंडुरासमधील मोस्कितिया जंगलात प्राचीन वस्तीचे अवशेष पाहण्यासाठी गेलेल्या मोहिमेतील अनेक सदस्यांना परतल्यावर हाच रोग झाल्याचे आढळले. माणसांसाठी त्यावर सर्वत्र वापरता येईल अशी लस नाही, आणि मलेरियासारखी आधीच घेऊन ठेवायची गोळीही नाही. म्हणून चावा टाळणे आणि व्रण वेळेवर ओळखणे, हे दोनच उपाय प्रवाशाच्या हाती उरतात.

आधी माशी ओळखायला शिकावे. ‘वाळूमाशी’ या नावामुळे ती समुद्रकिनाऱ्यावरची माशी असावी असे वाटते, पण ते नाव तिला मुख्यतः वाळूसारख्या फिकट रंगामुळे मिळाले आहे. तिची लांबी जेमतेम २ ते ३ मिलिमीटर, म्हणजे डासाच्या सुमारे एक तृतीयांश असते. संध्याकाळी तंबूच्या कापडावर टॉर्चचा झोत तिरका पाडून पाहिल्यास तिचे केसाळ अंग दिसते, आणि बसलेली असतानाही पंख पाठीवर मिटलेले नसून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे उभारलेले दिसतात. बोट जवळ नेले तर ती सरळ उडून जात नाही, लहान लहान उड्या मारत बाजूला सरकते. तिच्या उडण्याचा आवाज कानाला जाणवत नाही, त्यामुळे डासाप्रमाणे गुणगुणण्यावरून सावध होण्याची सोय येथे नाही.

फक्त मादी चावते, आणि तिची चावण्याची रीत समजून घेतली की पुढचे बरेचसे उपाय आपोआप समजतात. डासाची सोंड सुईसारखी लांब असते आणि ती थेट रक्तवाहिनीत शिरते; वाळूमाशीचे मुखावयव मात्र आखूड आणि दातेरी असतात, त्यांनी ती त्वचा कापते आणि त्या बारीक जखमेत साचलेले रक्त शोषून घेते. माशी संसर्गित असेल तर तिच्या अन्ननलिकेत परजीवींनी स्रवलेला जेलसारखा पदार्थ अडकलेला असतो. रक्त ओढताना तो परजीवींसह उलटून त्या जखमेत पडतो. आखूड मुखावयवांमुळे जाड कापडातून चावणे तिला जमत नाही, ही आपल्या दृष्टीने सर्वांत उपयोगी गोष्ट आहे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती पाण्यात वाढत नाही. साचलेले पाणी ओतून टाकल्याने डास कमी होतील, वाळूमाश्या नाहीत. तिच्या अळ्या ओलसर मातीत, कुजणाऱ्या पालापाचोळ्यात, मोठ्या वृक्षांच्या फळीसारख्या पसरलेल्या मुळांच्या खोबणीत आणि प्राण्यांच्या बिळांत वाढतात. जंगलातील उंदीर, स्लॉथ यांसारख्या प्राण्यांमध्ये परजीवी एरवीही फिरत असतोच. माणूस त्या चक्रात मधूनच शिरतो. म्हणून मुक्कामाची जागा निवडताना मोठ्या झाडाच्या बुंध्याशी, बिळांजवळ किंवा पाचोळ्याच्या जाड थरावर तंबू टाकू नये. शक्य असल्यास मोकळी, वारा खेळणारी जागा घ्यावी, कारण ही माशी उडण्यात फार दुबळी असते आणि साध्या वाऱ्यातही तिला नेम धरता येत नाही. झोपायच्या खोलीत विजेची सोय असेल तर पंखा अंगावर सोडावा. त्याचा उपयोग खराखुरा होतो.

या माश्या मुख्यतः संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतात, त्यामुळे अंघोळ, लाकडे गोळा करणे, सामान लावणे ही उघड्या अंगाने होणारी कामे सूर्य मावळण्यापूर्वी उरकावीत. तरीही दिवसा पूर्ण निश्चिंत राहू नये. अनेक जाती दिवसा झाडांच्या खोडांवर विसावलेल्या असतात आणि खोडाला टेकून बसलेला किंवा खांदा घासून गेलेला माणूस त्यांना उठवतो; दाट सावलीत अशा माश्या दुपारीही चावतात.

कपडे लांब बाह्यांचे, पूर्ण पायांचे आणि घट्ट विणीचे असावेत. सदरा विजारीत आणि विजार मोज्यांत खोचावी. निघण्यापूर्वी कपड्यांवर ०.५ टक्के परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा मोकळ्या हवेत मारून ते पूर्ण वाळवावेत. परमेथ्रिन त्वचेवर लावायचे नसते, आणि ते मासे व मांजरे यांना घातक असल्याने असे कपडे ओढ्यात धुऊ नयेत. उघड्या राहणाऱ्या त्वचेवर २० ते ३० टक्के डीट हे रसायन असलेले रिपेलंट, म्हणजे कीटकांना दूर ठेवणारे मलम किंवा फवारा, लावावे. सनस्क्रीनही लावायचे असल्यास ते आधी आणि रिपेलंट नंतर, असा क्रम ठेवावा, आणि घामाने ते उतरते हे लक्षात घेऊन वेष्टनावरील सूचनेनुसार पुन्हा लावावे.

रिपेलंट लावताना लोक हातापायांवर भरपूर लावतात आणि कान विसरतात. मेक्सिकोचे युकातान द्वीपकल्प, ग्वाटेमाला आणि बेलीझ येथील जंगलांत चिकूच्या झाडाचा चीक गोळा करणारे मजूर, ज्यांना चिकलेरो म्हणतात, महिनोन्‌महिने जंगलात राहत असत. त्यांच्या कानाच्या पाळीवर होणारा व्रण इतका सर्वपरिचित होता की या रोगाच्या तेथील रूपाला ‘चिकलेरो व्रण’ असेच नाव पडले. कानाच्या कूर्चेवरचा हा व्रण वर्षानुवर्षे रेंगाळतो आणि पाळी झिजवून टाकतो. तेव्हा कानाची कड, कानामागची जागा, मान, मनगटे आणि घोटे या जागा बोटाने एकेक करून माखाव्यात.

मच्छरदाणीविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण चूक बहुधा येथेच होते. नेहमीच्या मच्छरदाणीला एका चौरस इंचात सुमारे १५६ छिद्रे, म्हणजे एक इंचाच्या सरळ रेघेवर साधारण १२-१३ छिद्रे, असतात. डास अडवायला ती पुरेशी असली तरी वाळूमाशी त्यांतून सहज आत येते. जाळी अशी घ्यावी की तिच्यावर एक इंचाची सरळ रेघ धरली तर किमान १८ छिद्रे मोजता येतील. इतक्या बारीक जाळीत हवा कोंडते आणि दमट रात्री ती नकोशी होते, हे खरे आहे. ज्यांना ते सोसवत नाही त्यांनी पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक लावलेली जाळी घ्यावी. छिद्रातून शिरू पाहणारी माशी त्या धाग्यावर बसतेच. माझ्या मते जाळी बारीकही असावी आणि कीटकनाशक लावलेलीही असावी. तिच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचाव्यात, आणि झोपण्यापूर्वी आतून कोपऱ्याकोपऱ्यांत टॉर्च फिरवून पाहावे. रात्री उघडे अंग जाळीला चिकटू देऊ नये.

एवढे करूनही चावा होऊ शकतो, आणि त्या क्षणी तो जाणवेलच असे नाही. पुढे तेथे एक लालसर पुळी येते, तिची गाठ होते, गाठ मधोमध फुटते आणि गोल व्रण तयार होतो. मध्ये खोलगट तळ आणि भोवती उंचावलेली, हाताला टणक लागणारी कड, हे त्याचे ओळखीचे रूप. जिवाणूंचा वेगळा संसर्ग झाला नाही तर तो सहसा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच माणसे तो अंगावर काढतात. जंगलातून परतल्यावर काही महिन्यांपर्यंत कोणतीही पुळी तीन आठवड्यांत भरून आली नाही, किंवा प्रतिजैविकांनी बरी झाली नाही, तर डॉक्टरांकडे जावे. दरम्यान व्रण स्वच्छ आणि झाकलेला ठेवावा. त्याला डाग देणे किंवा त्यावर पाल्याचा रस, रॉकेल, आम्ल असे काही लावणे कटाक्षाने टाळावे.

डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगावे की आपण कोणत्या देशातील कोणत्या जंगलात, कोणत्या तारखांना होतो. हा रोग ज्यांच्या नेहमीच्या पाहण्यात नाही अशा डॉक्टरांना तो सुचण्याची शक्यता कमी असते, म्हणून ‘लेश्मानियासिस असू शकेल का’ असे रुग्णाने स्वतः विचारण्यात काहीही गैर नाही. निदानासाठी व्रणाची खपली काढून त्याच्या कडेचा नमुना घेतात, सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी शोधतात आणि पीसीआर चाचणीने त्याची जात ठरवतात. जात समजण्याचा आग्रह धरावा, कारण उपचार तिच्यावर अवलंबून असतात. लेश्मानिया मेक्सिकाना जातीचा लहान व्रण बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप भरतो आणि केवळ वण उरतो. लेश्मानिया ब्राझिलिएन्सिस मात्र नाकातोंडाच्या अंतस्त्वचेत पसरू शकतो, आणि त्याबाबत वाट पाहत बसणे धोक्याचे आहे.

लहान, मोजक्या व्रणांवर काही वेळा स्थानिक उपचार पुरतात, जसे व्रणातच इंजेक्शन देणे किंवा नियंत्रित उष्णता देणे. मोठ्या किंवा धोकादायक जातीच्या संसर्गात अँटिमनीयुक्त औषधांची इंजेक्शने साधारण २० दिवस देतात. अँटिमनीचा हा उपयोग ब्राझीलच्या गास्पार व्हियाना यांनी १९१२ साली सांगितला आणि त्या धातूची सुधारित औषधे आजही वापरात आहेत. त्यांचा परिणाम हृदय, यकृत आणि स्वादुपिंड यांवर होऊ शकत असल्याने उपचार चालू असताना ईसीजी आणि रक्ततपासण्या चुकवू नयेत. मिल्टेफोसिन हे तोंडाने घ्यायचे औषध २८ दिवस चालते. ते गर्भाला घातक असल्यामुळे गरोदरपणात देत नाहीत, आणि उपचारादरम्यान व नंतरचे काही महिने गर्भधारणा टाळावी लागते. लायपोसोमल अँफोटेरिसिन बी हा आणखी एक पर्याय आहे.

व्रण भरला तरी त्याचा अहवाल, विशेषतः परजीवीची जात लिहिलेला कागद, जपून ठेवावा. ब्राझिलिएन्सिसचा संसर्ग त्वचा बरी झाल्यावर काही वर्षांनीही नाकात प्रकट होऊ शकतो. सर्दी नसताना एक नाकपुडी सतत चोंदलेली राहू लागली, वरचेवर घोळणा फुटू लागला किंवा नाकात खपल्या धरू लागल्या, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे आणि जाताना तो कागद सोबत न्यावा.