जुनी प्लेनर-थिकनेसर घेतलीत? टेबलं जुळवताना या चुका टाळा

नाशिकच्या सातपूरचा एक फर्निचरवाला धंदा आवरत होता, त्याची प्लेनर-थिकनेसर मी उचलली. म्हणजे वरच्या दोन टेबलांमधल्या फिरत्या पात्यांवर फळी रंधून सरळ करणारी आणि खालच्या टेबलावर तिची जाडी सारखी करणारी मशीन. पहिल्याच दिवशी सागाच्या दोन फळ्यांच्या कडा रंधून एकीवर एक ठेवल्या आणि उजेडासमोर धरल्या. टोकं टेकलेली, मधून मात्र ऊन आत येतंय. पाती बोथट असणार म्हणून नवी घालून आणली. फट जिथल्या तिथे!

पात्यांवर खापर फोडणं ही पहिली चूक. फळी मध्ये पोकळ निघत असेल, तर दोन्ही टेबलांची बाहेरची टोकं खाली झुकलेली आहेत. टोकं वर उचललेली असतील तर उलट, कडेला पोट सुटतं. फळीचा शेवटचा थोडा भागच खोल खाल्ला जात असेल तर मागचं, म्हणजे आउटफीड टेबल पात्यांपेक्षा खाली आहे. आणि फळीचं तोंड आउटफीडच्या ओठाला अडत असेल तर ते वर आहे. आधी फळी वाचा, मग पाना हातात घ्या.

माझी टेबलं झुकली कशी, तेही सांगतो. टेम्पोतून उतरवताना चौघांनी मशीन टेबलांच्या टोकांना धरून उचलली, आणि "जरा तिकडून धरा" म्हणणारा मीच होतो. बिडाचं टेबल वाकत नाही, पण बिजागरी आणि ज्या बोल्टांवर ते टेकतं ते हलतात. मशीन नेहमी खालच्या सांगाड्याला धरून उचला. जागेवर ठेवल्यावरही शहाबादी फरशीवर एक पाय अधांतरी असतो. तो तसाच बोल्टने आवळला की सगळ्या सांगाड्यालाच पीळ बसतो. आधी पायाखाली पत्रा सारून डुगडुग घालवा, मग आवळा.

जुळवायला लागण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. मग टेबलं उचलून ती जिथे टेकतात त्या जागा साफ करा. माझ्या मशीनमध्ये तिथे भुसा आणि ग्रीसचा थर दाबून दगड झाला होता. रॉकेलच्या फडक्याने तो काढला, तेव्हा निम्मा फरक तिथेच गेला. ही सफाई सोडून थेट बोल्ट फिरवायला लागलेल्यांची दुपार फुकट जाते.

सरळपट्टी कुठली, यावर पुढचं सगळं अवलंबून. हार्डवेअरच्या दुकानातली अ‍ॅल्युमिनियमची लेव्हल या कामाला चालत नाही. पट्टी टेबलावर ठेवून फट मोजा, मग तीच पट्टी टोकं बदलून ठेवा. फट पट्टीबरोबर फिरली तर दोष पट्टीचा. नाशकात त्यासाठी अडायचं कारण नाही. अंबड-सातपूरला टूलरूम पुष्कळ, ओळखीच्या माणसाकडे सरफेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट केलेल्या पाटावर, पट्टी तपासून मिळते.

आता मुख्य गोष्ट, क्रम. मशीनमध्ये जागचा न हलणारा भाग एकच, कटर ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता रूळ. म्हणून सुरुवात तिथून. आउटफीड टेबल ब्लॉकच्या अंगाला समांतर करा, पात्यांना नाही. डावीकडे-उजवीकडे फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्र्या, घालून पाहा. मग पुढचं, म्हणजे इनफीड टेबल वर घेऊन आउटफीडच्या पातळीला आणा, पाती खाली जातील असा ब्लॉक फिरवा आणि दोन्हींवर लांब पट्टी टाका. दोन्ही कडांना उभी टाका आणि कर्णातही, कारण पीळ कर्णातच दिसतो. गेज नसेल तर झेरॉक्सचा कागद घ्या, तो साधारण ०.१ मिमी जाड असतो. पट्टीखाली कुठेच एक कागद सरकत नसेल तर मी थांबतो. त्यापुढे जाणं म्हणजे हौस.

इथे एक फसगत हमखास होते. सगळं जुळलं म्हणून टेबल घट्ट धरणारा लॉक आवळावा, तर टेबल पुन्हा हललेलं. मोजमाप नेहमी लॉक आवळून घ्या.

पाती सगळ्यात शेवटी. सरळ लाकडी पट्टी आउटफीडवर ठेवून तिचं टोक ब्लॉकवर येऊ द्या, टेबलाच्या ओठापाशी पेन्सिलीची खूण करा आणि पट्ट्याच्या पुलीला धरून ब्लॉक हाताने सावकाश फिरवा. पातं पट्टीला थोडंसं ओढतं. तीनेक मिमी ओढ पुरे. ती प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांना सारखी यायला हवी. बोटं ब्लॉकपासून लांब ठेवा, थांबलेलं पातंही तेवढंच कापतं. मग फेन्सला, म्हणजे फळी टेकवायच्या उभ्या पट्टीला, गुण्या लावून काटकोन बघा.

थिकनेसरच्या टेबलाला एकाच लाकडाच्या दोन पट्ट्या पुरतात. एक डाव्या कडेने, एक उजव्या कडेने घाला आणि व्हर्नियरने मोजा. जाडीत फरक आला तर टेबल कलतं आहे. मात्र वाकडी फळी थिकनेसरमधून सरळ होईल ही आशा सोडा. रोलर तिला दाबून सपाट धरतात, बाहेर पडली की ती पुन्हा वाकते. आधी वरच्या टेबलांवर एक बाजू सरळ करावीच लागते.

आणि जुन्या वाड्यांचं सागवान वापरत असाल, तर रंध्यावर टाकण्याआधी चुंबक फिरवा. आमच्याकडे इतक्या मेहनतीने बसवलेली पाती एका खिळ्याने पाचव्याच फळीला खाल्ली.