भूर्ज आणि बिर्योझा: स्लाव्ह भाषांतलं झाडाचं नाव कसं तपासावं

बर्चच्या झाडाला रशियनमध्ये 'बिर्योझा' म्हणतात, संस्कृतात 'भूर्ज'. दोन्ही एकाच मुळाची आहेत, पण कानाला सारखं वाटलं एवढ्यावर ते मानू नका.

आधी स्लाव्ह रूपं एकाखाली एक लिहा: रशियन बिर्योझा, पोलिश ब्झोझा, चेक ब्र्झीझा, स्लोव्हेन ब्रेझा. शेवटचा झ 'झाड'मधला वाचा. रशियनमध्ये 'र'च्या दोन्ही बाजूंना स्वर आहे, इतरांत फक्त 'र'नंतर (पोलिशमध्ये त्या 'र'चाच झ झाला आहे). हा फरक नेमाचा आहे का? त्याच चार भाषांतले 'नदीचा काठ' या अर्थाचे शब्द लावून बघा: बेरेग, ब्झेग, ब्र्झेह, ब्रेग. साचा तोच. म्हणून चारही रूपं जुन्या 'बेर्झा'वर जातात.

मग संस्कृतकडे वळा. भ–ब जुळतात: भ्राता, ब्रात. ज–झ जुळतात: जंभ म्हणजे दात, रशियन झुब. बरेच जण चुकतात ते इथेच, कारण संस्कृतातले सगळे ज एका मुळाचे नाहीत. 'जीव'चा रशियन जोडीदार 'झिव्'. त्यातला झ वेगळा, 'श' म्हणताना घशातून आवाज काढल्यासारखा. दोन्ही रशियन ध्वनी देवनागरीत 'झ'च होतात, म्हणून रशियन लिपीची 33 अक्षरं शिकूनच घ्या; पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकवतात. 'भूर्ज'मधल्या 'ऊर्'ने अडू नका. प, भ अशा ओठांनी उच्चारायच्या वर्णानंतर 'ऊर्' असाच येतो: 'पूर्ण', रशियन पोल्नी.

अर्थही तपासा. मूळ धातू 'चमकणे, पांढरे असणे' असा मानतात आणि सालीचा रंग त्याला साजेसा आहे. भांडारकर संस्थेत ऋग्वेदाची शारदा लिपीतली पोथी भूर्जपत्रावरच आहे.  पण झाड बदललं तरी नाव टिकतं: लॅटिनमध्ये याच मुळाचं 'फ्राक्सिनुस' हे अ‍ॅश या वेगळ्याच झाडाचं नाव आहे. त्यामुळे अर्थ जुळला नाही म्हणून नातं लगेच तोडू नका.

शेवटी शब्द दुसऱ्या भाषेतून उसना घेतलाय का ते पाहा. बीच झाडाला रशियन आणि पोलिशमध्ये 'बुक' म्हणतात. त्याच्या मुळाच्या शेवटी 'भूर्ज'मधल्या 'ज'चाच मूळ ध्वनी होता, म्हणून हा शब्द मूळचा स्लाव्ह असता तर शेवटी झ आला असता. तिथे क आहे, म्हणजे तो जर्मानिक (जर्मन, इंग्रजीच्या कुळातल्या) भाषांतून आलेला.